कोरड्या तलावातली माझी फेरी

प्रिय दादा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला बसू उभा राहिला आणि त्यानं शर्यतीची गोष्ट सांगितली. वहिनी रडली, तुझी पोरं रडली, शेजारपाजारचे रडले. मी मात्र पदर पिळत बसले होते. आज सकाळी उठले तीही रागातच, म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? नातवंडं झालेल्या बाईनं गेलेल्या भावाच्या म्हाताऱ्या दोस्तावर जळावं, हे कुणाला पटेल!

तुला आठवतं का रे? लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तुला नव्या कचेरीत नोकरी लागली आणि बाबांनी मलाही कॉलेजसाठी नांदेडहून तुझ्याकडं धाडलं. एक खोली, एक स्टोव्ह आणि आपण दोघं. किती खूश होते मी! नांदेडला बाबांच्या रेल्वे क्वार्टरात तू सगळ्यांचा होतास, इथं माझ्या एकटीचा होणार होतास.

आणि मग उदगीरचा बसवराज आला. वडिलांचं आडत दुकान सोडून तुझ्याच कचेरीत चिकटलेला, किडकिडीत, सदा हसरा. तू मला सांगितलंस, त्याला बसूदादा म्हणत जा. मी कधी म्हटलं नाही. दादा मला एकच होता.

त्या साली पाऊस आलाच नाही. रेणापूरकडचा एक तलाव पार तळापर्यंत वाळला, आणि तिथल्या पोरांनी त्या टणक भुईवर मोटारसायकलींची शर्यत ठरवली. झालं! तुझी जुनी गाडी अंगणात उभी राहिली आणि कचेरी सुटली की तुम्ही दोघं तिला सोलायला बसू लागलात. मडगार्ड गेले, लेगगार्ड गेला, पुढचा दिवा गेला, सीटमधला फोमसुद्धा गेला. सिलेंडरची भोकं तू कानशीनं घासून मोठी केलीस, इंजिनाचं हेड लेथवर घासून पातळ करून आणलंस, साखळीचं मागचं दातेरी चाक बदललंस. जेवढी हलकी तेवढी पळती, असं म्हणायचास. मी टँकरवर भांडून घागर भरून आणायचे आणि तुम्ही काळे हात पुढं करायचात. मी पाणी ओतायचे. बसूच्या हातावर जरा कमीच.

चाकांच्या लोखंडी रिंगा जड होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या देगलूरला मिळतील असं कळलं, तेव्हा कोण गेलं? मावशीला भेटायचं निमित्त करून मी गेले, आणि दोन्ही रिंगा एसटीत मांडीवर घेऊन आले. सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. घरी आल्यावर तू त्या हातात घेऊन तोलून बघितल्यास आणि पहिली हाक मारलीस ती बसूला.

चालवणार कोण, हा प्रश्न आला. तू अंगानं भरदार; तू बसलास तर हलकी केलेली गाडी पुन्हा जड. मी म्हटलं, मी चालवते. तूच तर शिकवली होतीस मला, क्वार्टरामागच्या मैदानात. बसूपेक्षाही मीच हलकी होते. तू हसला असतास तरी चाललं असतं. पण तू खाली बघून म्हणालास, "सुमे, लोकं असतील तिथं. बसू बसंल."

बसू बसला आणि जिंकला. शेवटच्या वळणावर मागचं चाक घसरलं, त्यानं पाय टेकवून गाडी सावरली आणि सगळ्यांच्या पुढं आला. तू त्याला खांद्यावर उचललंस. धुळीनं माखलेल्या तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी गर्दीत उभी होते. माझ्या रिंगा, एवढंच मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला गाडीवर घालून पुन्हा तलावात नेलंस. तिथं चिटपाखरू नव्हतं. एक फेरी मार, म्हणालास, आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलंस. मी ओढणी कमरेला आवळली. दादा, ती गाडी नुसती मूठ पिळली तरी अंगाखालून निसटायला बघत होती! त्या वळणावर मी पाय टेकवला नाही. परत आले तेव्हा तू किती तरी वेळ घड्याळाकडंच बघत होतास.

"बसूच्या कालच्या फेरीपेक्षा लवकर आलीस," तू म्हणालास. "पण कुणाला सांगू नको. बाबांना कळलं तर शिक्षण बंद करून घेऊन जातील."

तेव्हा पटलं. पण नंतर? मी शिकले, शाळेत लागले, लग्न झालं, बाबा गेले. तू मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत बसूचीच शर्यत सांगत राहिलास. माझी फेरी एकदा तरी सांगायचीस ना? कुणाची भीती होती आता?

काल बसूचं बोलून झालं आणि मी उठले. रिंगा, फेरी, घड्याळ, सगळं सांगून टाकलं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. बसू बसल्या जागेवरून म्हणाला, "खरं हाय. तुझ्या गौतमदादानं त्याच दिवशी कचेरीत सांगितलं होतं मला."

नंतर बाहेर चपला घालताना तो माझ्याजवळ आला. त्या शर्यतीनंतर तू किती मागं लागलास तरी तो पुन्हा का उतरला नाही, ते सांगितलं. "सुमन, जिंकलो मी. पण तुझं सांगताना त्याचं तोंड जसं फुललं, तसं माझ्या जिंकण्यानं न्हाई फुललं. लई वर्षं जळलो मी तुझ्यावर."

मला त्याची कीव यायला हवी होती. काठी टेकत उभा होता बिचारा. पण खरं सांगू? मला आनंद झाला. रिक्षात बसेपर्यंत पुरला तो. मग ध्यानात आलं, की माझ्यासाठी फुललेलं तुझं ते तोंड बघितलं कुणी? बसूनं! मला तू नुसतं घड्याळ दाखवलंस आणि गप्प राहायला सांगितलंस. माझ्या वाट्याचं हसूही त्यालाच देऊन गेलास का रे?

वहिनीला जरा सावरू दे, मग मी उदगीरला जाणार आहे. बसूला समोर बसवून विचारणार आहे, तू कुठं उभा होतास, कोणत्या शब्दांत सांगितलंस, किती वेळ हसत होतास. तो थकला तर चहा पाजीन आणि पुन्हा विचारीन. ते सगळं त्याच्याकडून घेतल्याशिवाय परतीच्या गाडीत बसणार नाही, हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
सुमन