केशरबाई काईच करत नाही

मंगळवार, ३ डिसेंबर १९६३. बार्शीटाकळी.

शेषराव, ही वही कशाची आहे हे पान पलटेपर्यंत तू विसरशील. सोताच्या लग्नात टोपी घरी विसरून मांडवात आलेला पोरगा तू माहा. म्हणून पहिलेच सांगते. अकोल्याच्या डॉक्टरानं माह्या मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढलं अन् महिन्याभरासाठी केशरबाई नावाची शिकेल बाई घरी पाठवली. तिच्या कामाची ही नोंद. महिन्यात मी आपल्या पायानं चालू लागली अन् आपल्या हातानं रांधू लागली तर ठीक, नाही तर तू मले अकोल्याले तुह्या घरी नेशील, हे तूच डॉक्टरासमोर बोलला. मले अकोल्याची काई हौस नाही. पण बाईच कामाची नसली तर माहा काय इलाज?

सांगणार मी, लिहिणार शेजारची सून ललिता. चौथी शिकली. हसते फार.

बुधवार, ४. सकाळी आठ.

केशरबाई आली. पांढरं पातळ, हातात घड्याळ. म्हटलं, पाणी दे. तिनं गडवा दोन हात दूर स्टुलावर ठेवला अन् म्हणे, घ्या आजी. पहिलाच दिवस, अन् गडवा हाती द्यायचा आळस! तहान लागली म्हणून मलेच उठा लागलं. लिही ललिता, आळशी.

शनिवार, ७.

अंग पुसून दे म्हटलं. पाठ तेवढी पुसली अन् टॉवेल माह्या हाती दिला. म्हणे, बाकीचं तुमच्या हाताले पुरते. मी म्हटलं, माह्या हाताले सारंच पुरते, मंग तू कशाले आली वं? तर म्हणे, करून द्यायले नाही आली, करवून घ्यायले आली. ऐका! अशी नोकरी मले भेटली असती तर मी जन्मात सोडली नसती.

ठराव: उद्यापासून खाटेवरून हालायचंच नाही. महिना लोळून काढायचा.

रविवार, ८. दुपारी.

ठराव सकाळपर्यंत पाळला. मंग तिनं भाकर थापली. शेषराव, भाकर होती का गाडीचं चाक! पाहावलं नाही. भिंत धरून चुलीपर्यंत गेली, तिले म्हटलं सरक, अन् परात ओढली. ती सरकली. फटकन सरकली, जशी वाटच पाहत होती. सहा भाकरी मी टाकल्या, दोन तिनं खाल्ल्या. वरून म्हणे, आजी, पीठ अजून मळा लागत होतं. अशा बाईले डॉक्टर शिकेल म्हणतो.

शुक्रवार, १३.

काठी आणून दिली. मी अंगणात फेकली. म्हटलं, काठी घ्यायले मी का म्हातारी आहे? तिनं काई उचलली नाही. मी चिडून सोताच जाऊन घेऊन आली. परत खाटेवर बसल्यावर ललिता म्हणे, काठी आणायले तुमी काठीबिगर गेल्या. गेली असीन. राग आला का मले पायाचं ध्यान राहत नाही.

ट्रंक भरली. कपड्याले कसर लागते म्हणून. ललितानं विचारलं, मंग नवं लुगडं सगळ्यात वर काहून? हे लिहू नको म्हटलं होतं.

गुरुवार, १९.

चौकापलीकडची मैनाबाई मले पाहायले आली. केशरबाई कशी आहे, विचारे. मी सांगायले बसली. ती उठली तरी माहं सरलं नव्हतं, म्हणून सांगत सांगत दारापर्यंत पोचवली. मंग चौकापर्यंत. मैनाबाई सारा टाइम माह्या पायाकडेच पाहून राहिली. ऐकलं का नाही कोणास ठाऊक.

बुधवार, २५.

महिना सरत आला. अकोल्याचा डॉक्टर तपासायले येईन. ठराव: त्या दिवशी लंगडायचं. सकाळी अंगणात तालीम केली. चांगली जमली. ओट्यावरून केशरबाई म्हणे, आजी, मोडला होता तो पाय डावा.

काम नाही, धाम नाही, नजर मात्र घारीची.

सोमवार, ३०.

डॉक्टर काई आला नाही, रिपोर्ट पाठवा म्हणे. माह्या वहीइतका चांगला रिपोर्ट कोणता? आज टपालात टाकते. शेषराव, डॉक्टराले वाचून दाखवजो, आठवणीनं. केशरबाई नापास. गाडीचा टाइम मले कळवजो.

शुक्रवार, ३ जानेवारी १९६४. कोऱ्या कागदावर.

तुहं पत्र आलं. ललिताकडून दोनदा वाचून घेतलं. वही वाचून डॉक्टर पोट धरून हसला म्हणे. रांधणं, चालणं, चौकापर्यंत जाणं, सारं तारखेनिशी माह्याच तोंडचं. अशी बाई दुसरी नाही, तिले लगेच दुसऱ्या घरी पाठवतो, असं बोलला. अन् तू लिहितो, माय ठणठणीत झाली, आता अकोल्याले आणायची गरज नाही. एवढं बरं ध्यानात राहिलं तुह्या!

केशरबाई आज गेली. जाताना म्हणे, आजी, मी काय केलं, तुमीच केलं सारं. पाहा, सोताच्या तोंडानं कबूल केलं! हे मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली.

ललिता उद्या माहेरी जाते. मंग लिहिणं बंद, बोलणंही बंदच.

नको नेऊ. घर सोडून जायची मलेही काई पडली नाही. पण संक्रांतीले तुह्या बायकोले, कौशल्याले म्हणजो, तिळाचे लाडू पाठवू नको, तिचे फुटत नाहीत. खोबऱ्याचे कानोले कर म्हणा, वीस-पंचवीस. अन् डबा कोणाच्या हाती पाठवू नको, तूच घेऊन ये.