तीन गोष्टी सांग, ताई

प्रिय उन्मेष,

मी झोपलेली नाही. काल नाही, परवा नाही, खरं म्हणजे दसऱ्यापासून धड झोपच नाही. तुझं खोकं बंद आहे. रात्री लावूच्या रक्तातली साखर खाली गेली तर मला उठवणारं कोणी नाही. म्हणून दर दोन तासांनी मीच तिचं बोट टोचते. मोबाइलला गजर लावते, पण त्याच्या भरवशावर डोळा मिटायची भीती वाटते. पोरीला सवय झालीय आता. झोपेतच बोट पुढं करते. पाच वर्षांची आहे.

बाकी बरं आहे. ह्यांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. कंपनीची बस सकाळी नाक्यावर सोडते. लावू शाळेत तमिळमध्ये भांडते आणि घरी येऊन मराठीत रडते. शेजारच्या अलमेलू मामी विचारत होत्या, तुझा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, कुठे गायब झाला, माझा मोबाइल कोण नीट करणार? मी म्हटलं, त्याला काम आहे.

तू खोकं बसवलंस तो रविवार डोळ्यांपुढं आहे. जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. सेन्सरचा स्वतःचा अलार्म माझ्या जुन्या फोनवर चालत नव्हता, म्हणून तू हे केलंस. लावूच्या दंडावरचं सेन्सर आकडा पाठवणार, खोकं तो वाचणार, सत्तरच्या खाली गेला की भोंगा वाजणार. वीज गेली तर म्हणून बॅटरी जोडलीस. प्लगवर लाल चिकटपट्टी लावलीस, हा काढायचा नाही म्हणून. हे म्हणाले, एवढ्याशा खोक्यावर पोरीचा जीव टाकायचा का? तू म्हणालास, दाजी, म्हणूनच दर रविवारी खोटा आकडा टाकून भोंगा वाजवून बघायचा. हिरवा दिवा म्हणजे फक्त वीज आलीय. आतलं काम चालू आहे का ते भोंगाच सांगणार. जे तपासलं नाही ते चालतंय असं धरायचं नाही.

तू असलं बरंच शिकवलंस मला. मी सातवी शिकलेली, आई गेल्यावर तुझ्यासाठी चुलीपुढं बसले, तिथून अभ्यास संपला. पण तू कधी म्हणाला नाहीस की तुला काय कळणार. एकदा कुकरची शिट्टी होईना तेव्हा मी रबरही बदललं आणि शिट्टीही बदलली, तर तू डोक्याला हात लावलास. म्हणालास, अगं, एका वेळी एकच बदल. आता कसं कळणार कशानं बरं झालं? हात लावायच्या आधी जुन्याची एक कॉपी ठेवायची, हेही तूच सांगितलंस. आणि सगळ्यात जास्त वेळा हे, की मला फोन करून नुसतं 'चालत नाही' म्हणू नकोस. तीन गोष्टी सांग, ताई. तू काय केलंस, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. तेवढं खरं सांगितलंस तर निम्मं काम तिथंच झालं.

नवमीच्या त्या रात्री हे कामावर होते. पहाटे पाचला मी उठले तर लावू घामानं चिंब, दातखीळ बसलेली. तोंडात साखर घालायचीही सोय नव्हती. मामींनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात सलाईन लावल्यावर किती तरी वेळानं तिनं डोळे उघडले आणि आधी तुझं नाव घेतलं, कारण तू तिला किल्ली दिल्यावर चालणारा खेकडा आणणार होतास. तू धावत आलास तेव्हा एका पायात तुझी चप्पल होती, दुसऱ्यात तुझ्या खोलीतल्या हरिप्रसादची. आल्या आल्या तू मला एकच विचारलंस. ताई, खोकं बंद केलं होतंस का?

हे शेजारीच उभे होते. मी नाही म्हटलं.

मग हे तुला नको ते बोलले. तुझ्या खेळण्यापायी पोर गेली असती, म्हणाले. घरी येऊन त्यांनी खोकं माळ्यावर टाकलं. तू दोनदा मागायला आलास, आत काय लिहिलंय तेवढं बघू द्या म्हणालास, तर दारातूनच घालवलं. मी आत भांडी घासत होते. घासलेलीच परत घासत होते.

परवा दवाखान्यात एन्नोरला राहणारी कनका भेटली. तिच्या मुलाला तू असंच खोकं करून दिलंयस. ती म्हणाली, उन्मेष सरांनी अकराही घरांना बंद करायला सांगितलंय, त्यांच्या प्रोग्राममध्ये चूक आहे म्हणे, महिना झाला शोधतायत, सापडत नाही. आता ते हे कामच सोडणार आहेत. तिचे डोळे माझ्यासारखेच लाल होते. तीही रात्रभर बोटं टोचते. माझ्या एका शब्दापायी अकरा आया जाग्या आहेत.

तेव्हा ऐक. मी काय केलं. नवमीला मामी म्हणाल्या, आज आयुधपूजा, ज्यानं घर चालतं ते सगळं पुसून पूजेला ठेव. मी शिवणयंत्र ठेवलं, ह्यांचे नटबोल्टचे पाने ठेवले, आणि म्हटलं लावूला जपणारं तर हे खोकंच. दिवेलागणीला सव्वासहाच्या सुमारास लाल पट्टी काढली, बॅटरी सोडवली, खोकं पुसलं, गंध लावलं, फूल वाहिलं. आरती झाल्यावर परत जोडलं. काय व्हायला हवं होतं? ते आधीसारखं चालू व्हायला हवं होतं. काय झालं? हिरवा दिवा लागला आणि मी हात जोडून झोपायला गेले. भोंगा वाजवून बघितला नाही. तू माझ्या 'नाही'वर भरवसा ठेवलास आणि चूक स्वतःत शोधत बसलास. वीज जाईल हे तू धरलं होतंस, बहीण पूजा करेल हे धरलं नव्हतंस. तेवढं आता त्यात घाल, की वीज आली की काम आपोआप सुरू व्हावं, आणि झालं नाही तर ओरडावं. पूजा तर बाकीच्या घरीही होणार.

आज सकाळी ह्यांनाही सांगितलं. त्यांनी लगेच स्टूल घेतलं, माळ्यावरून खोकं उतरवलं, धूळ झटकली. गंध अजून तसंच आहे. टीव्हीला जोडलं तर पासवर्ड मागतं, तो तुझ्याकडे. आत बंद पडल्याची सव्वासहाची वेळ लिहिलेली असेल. बघ, आता मी खरं सांगतेय की नाही.

तुझीच,
तुळसीताई

हे पाकीट उन्मेषच्या मांबलमच्या खोलीवर दुसऱ्या कोणी उघडलं, हरिप्रसाद असो की घरमालक, तर वरचं सगळं वाचलंत तरी चालेल, मला आता लाज नाही. माझ्या नंबरवरून तो उचलत नाही. तुमच्या फोनवरून लावा. प्रोग्राममध्ये त्याला सापडत नाही ती चूक माझी आहे, एवढं सांगा. रात्र व्हायच्या आत माझ्या भावाला फोन करा.