डाव्या लिफ्टचा स्विच

तारीख बारा, मंगळवार (कॅलेंडर बघून लिहिली, हसू नकोस)

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींना म्हणावं, नळ गळत असेल तर वॉशर बदला, सुतळी गुंडाळून भागत नाही.

इकडे सगळं ठीक. म्हणजे इमारत ठीक आहे. शहात्तर घरं, दोन लिफ्ट, गच्चीवर अकरा व्हॉल्व्ह आणि मी एकटा. तेवीस वर्षं झाली, अजून लोक "अहो मेंटेनन्स!" म्हणूनच हाक मारतात. जणू आईनेच ठेवलंय नाव.

एक गंमत सांगतो. गेल्या महिन्यात मी प्रत्येक व्हॉल्व्हवर, पंपावर, स्विचवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘हा तिसऱ्या मजल्याचा.’ ‘हा उलटा फिरतो.’ सभेत सेक्रेटरींनी केवढं कौतुक केलं! काय शिस्त, काय दूरदृष्टी! टाळ्या पडल्या. मी आपला मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं, लाजतोय.

अगं, त्या चिठ्ठ्या माझ्यासाठी आहेत. परवा चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे पाना घेऊन गेलो आणि कशाला आलोय तेच आठवेना. त्यांनी चहा दिला, तो प्यायलो आणि खाली आलो. नळ तसाच. कामाच्या धबडग्यात होतं असं कुणाचंही, नाही का?

बरं, आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मागच्या शनिवारी लिफ्टवाला डाव्या लिफ्टच्या टपावर उभा राहून तारा तपासणार होता. म्हणाला, "काका, डावीचा स्विच बंद करा." मी केला. उजवीचा. समोर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती, तीही वाचली होती! खाली कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट त्याला घेऊन वर निघाली. टपावरचं थांबवायचं लाल बटण त्याच्या हाताशी होतं म्हणून वाचला. "मारताय का काय काका!" म्हणत हसतच बाहेर आला. कुणाला बोललो नाही. या शनिवारी तो परत येणार आहे.

ताई, बाबांचं सुरू झालं तेव्हा मी घरी नव्हतो, तू होतीस. ते पहिल्यांदा काय विसरले? खरं सांग, धीर देऊ नकोस. आणि शनिवारच्या आत कळव, सेक्रेटरींना सांगू की गप्प बसू? हे काम गेलं तर मी करू काय? हातांना अजून सगळं येतं गं.

ता. क. पत्र टाकायला निघालो, तर कोटाच्या खिशात तुलाच लिहिलेलं एक पत्र सापडलं. पाकीट बंद, तिकीट लावलेलं. फोडून वाचलं. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. गुडघे, वॉशर, चिठ्ठ्या, सगळं तेच. त्यातही लिफ्टवाला ‘मागच्या शनिवारी’ वाचलाय. म्हणजे हे एकदा झालं की दोनदा? डोकं फुटेस्तोवर आठवून पाहिलं, नाही सांगता येत. बाबांचंही विचारलंय त्यात.

आता तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतोय. पेटीत मी टाकणार नाही, सेक्रेटरींच्या हातात देतो, इमारतीच्या किल्ल्यांबरोबर.

तुझा,
खुटखुट्या
(हे नाव तूच ठेवलं होतंस. बघ, आठवतंय.)