खाकी कागदावरचे पाय

९ जानेवारी

ताईस नमस्कार.

तू बरी असशील. आईचे गुडघे दुखतात, पण डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा तिचा शेजारच्या काकूंच्या तेलावर जास्त विश्वास आहे, त्यामुळे घरभर वास असतो. मी ठीक. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं "बाकी काय"च्या पुढे जात नाही, आणि या वेळी थोडं काम आहे.

शेवटच्या वर्षाला आम्हाला स्वतःचा लघुपट करायचा असतो, नऊ मिनिटांचा. आमचा गट तिघांचा. एक दिग्दर्शक, त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो कधी काही उचलत नाही. एक कॅमेरा सांभाळणारी मुलगी. आणि मी. माझ्याकडे संशोधन आहे. म्हणजे ज्याला फोन लावायला कोणीच तयार नसतं, त्याला मी फोन लावायचा.

विषय ठरलाय तो हाताने बूट करणाऱ्या माणसाचा. मी सुचवला नाही, हे आधीच सांगतो. साहेबाने माझे बूट बघून विचारलं कुठून घेतलेस. मी म्हणालो, वडिलांनी केलेत. झालं. "अरे, तुझ्या पायात विषय आहे आणि आपण दोन महिने गावभर फिरतोय!" तेव्हापासून डोक्याला ताप आहे.

दोन कारखान्यांत गेलो. पहिल्या ठिकाणी पहारेकऱ्याने फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी आत घेतलं, तिथे सगळं यंत्रावर. एका दुकानदाराने अर्धा तास मुलाखत दिली, त्यातली पंचवीस मिनिटं सवलतीबद्दल. शेवटी बाबांच्या दुकानाशेजारच्या बॅगवाल्या काकांकडे गेलो. साहेबाने त्यांना विचारलं, "काका, या कामातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?" काका म्हणाले, "अंगठा. सकाळी आखडतो." साहेब बाहेर येऊन म्हणाला, माणूस उघडत नाही. मला हसूही येईना.

आई म्हणते, तुझ्या वडिलांचा बूट सहा आठवड्यांत व्हायचा, तुमचं नऊ मिनिटांचं वर्षभर कागदावरच.

बाबांचं दुकान अजून तसंच आहे. भाडं वर्षाचं भरलेलं आहे, म्हणून आईने सोडलं नाही. किल्ली माझ्याकडे असते. या लोकांना मी बरेच दिवस सांगत होतो की दुकान रिकामं केलं. मग बॅगवाल्या काकांनीच त्यांच्यासमोर मला विचारलं, "कधी उघडणार रे? उंदीर चामडं खातील." आता उघडावं लागेल.

कामाचं असं आहे. आमच्या मार्गदर्शक बाईंचा नियम आहे की गोष्ट खऱ्या माणसावर बेतलेली असेल तर त्या माणसाची सही हवी. "ज्याची गोष्ट, त्याची सही," असं फळ्यावर लिहून ठेवलंय त्यांनी. आमच्या गोष्टीत एक मुलगी आहे. तशी काल्पनिकच. पण तिचा एक पाय थोडा आखूड आहे, म्हणून बाई शंका काढतात. सोबत संमतीपत्र जोडलंय. खाली सही करून पाठव. वाचत बसण्यासारखं त्यात काही नाही. महिनाअखेरीपर्यंत मिळालं तर बरं.

तुझा,
धाकटा


३ फेब्रुवारी

ताई,

संमतीपत्र मिळालं. सहीची जागा कोरी, आणि मागे तुझी एक ओळ. "आधी सगळं सांग." तुझं अक्षर अजून तसंच आहे, दाबून लिहिलेलं. चार दिवस ते खिशात घेऊन फिरलो.

सांगतो. पण मला नीट क्रमाने सांगता येईल असं नाही.

मुलगी काल्पनिक नाही. मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. तिघंच होतो, पटकथेचा पाचवा खर्डा बाईंनी "माहिती भरपूर, माणूस नाही" असा शेरा मारून परत केला होता, आणि साहेब मला म्हणाला, "तुझ्या घरात इतकी वर्षं बूट होत होते आणि तुझ्याकडे सांगायला एक गोष्ट नाही?" मी चिडलो आणि बोलून गेलो. बाबा तुझ्या डाव्या बुटाची टाच उंच करायचे, ते सांगितलं. गिऱ्हाईक आलं की तुला आतून बोलवायचे आणि म्हणायचे, "चालून दाखव बाळ," हेही सांगितलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "अजिबात कळत नाही हो!" आणि बाबांचा चेहरा फुलायचा. मग तू एकोणीस वर्षांची असताना भर दुकानात बूट काढून गल्ल्यावर ठेवलेस, "मी नमुना नाही" म्हणालीस आणि अनवाणी घरी गेलीस. पंधरा दिवसांनी घरूनही गेलीस. मी दहा वर्षांचा होतो. मला इतकंच कळलं की तू बाबांना रडवलंस.

खरं सांगायचं तर परवापरवापर्यंत मला तेवढंच कळत होतं.

साहेबाला गोष्ट फार आवडली. सगळं पुन्हा लिहिलं. फक्त शेवट जमेना. तो म्हणायचा, म्हातारा मरण्याआधी मुलीला शेवटचा जोड करून पाठवतो. मग पुढे? तिला मिळतो का? ती घालते का? रोज हाच वाद. आणि रोज माझ्याकडे वळून, "तू सांग ना. संशोधन तुझं. खरं काय झालं?"

मी म्हणायचो, माहीत नाही. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मला माहीत होतं, ताई.

तेव्हा बाबा आजारी पडून दोन-तीन महिने झाले असतील. मी तुला दोन पत्रं लिहिली होती. तुझं उत्तर आलं, "सध्या येणं जमणार नाही." त्याच आठवड्यात बाबांनी मला खाकी कागदाचा मोठा तुकडा दिला, आठ घड्या घालून. म्हणाले, "ताईला पाठव. दोन्ही पाय ठेवून पेन्सिलने रेघ मार म्हणावं आणि परत पाठव. पाय बदलला असेल आता." मी हो म्हणालो. पाठवला नाही. जी बघायला येत नाही तिच्यापुढे कागद कशाला पसरायचे, असं वाटलं. राग होता. आणि दुसरंही काहीतरी असेल. तू गेल्यापासून मीच दुकानात होतो, मीच डॉक्टरांकडे नेत होतो, आणि ते विचारायचे फक्त, "आला का कागद?"

रोज विचारायचे. तीन आठवडे झाल्यावर मी माझ्या खोलीचं दार लावलं, कागद जमिनीवर पसरला, त्यावर उभा राहिलो आणि माझेच पाय काढले. तुझे लहान असतील म्हणून पेन्सिल जरा आतून फिरवली. दुसऱ्या दिवशी बाबांना नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला. मग "बरं" म्हणाले आणि कामाला लागले.

दिवसाला तासभर बसायचे. दोन महिने लागले. खोका बांधून मला दिला, "पोस्टात टाक" म्हणाले. मी कसा टाकणार? माझ्या पायांवर केलेले बूट तुला आले असते, तर पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. माझ्या कपाटावर जुन्या बॅगेमागे ठेवून दिला.

आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, "बसले का तिला?"

मी म्हणालो, "बसले. छान आहेत म्हणाली."

"छान म्हणाली?"

"हो."

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. मला वाटलं, समाधान झालं. अडीच महिन्यांनी ते गेले. तू दोन दिवस आलीस, आल्यापासून जाईपर्यंत स्वयंपाकघरात उभी होतीस, आणि मी तुझ्याशी नीट बोललो नाही. तुला वाटलं असेल मी रागावलोय. मला भीती वाटत होती, तू बुटांबद्दल काही बोलशील आणि आई ऐकेल. तुला बुटांचं काही माहीतच नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता मागच्या सोमवारचं. दुकान उघडलं. साहेब सगळीकडे हात लावत होता, "हा उजेड बघ, हा उजेड बघ." कॅमेऱ्यावरची मुलगी बाबांच्या मापांच्या वह्यांचे फोटो काढत होती, आम्हाला पार्श्वभूमीसाठी हवे होते. सगळ्यात खालच्या वहीत घडी केलेला खाकी कागद निघाला. तिने उलगडला आणि मला हाक मारली, "हे तुझ्याबद्दल आहे का?"

माझी रेघ तशीच होती. उजव्या करंगळीपाशी बाबांनी पेन्सिलने गोल केला होता. माझी ती करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, तुला आठवत असेल, लहानपणी चिडवायचीस. गोलाशेजारी लिहिलं होतं, "पाय धाकट्याचा." आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशी लिहिल्यासारखं, "तिच्या पायाचा जुना लाकडी साचा घेणे. अर्धा नंबर वाढवणे. टाचेचे थर चिकटवू नयेत. उंची ती आली की उभी करून."

वीस वर्षं माझे बूट त्यांनी केले. माझा पाय त्यांना कळणार नाही, असं मला वाटलं होतं.

मी कागद घडी करून ठेवला. पण साहेबाने खांद्यावरून वाचला होता. तो अक्षरशः उडाला. "हाच शेवट! हाच! मुलगी दुकानात येते, बूट घालते, चालते. फक्त पाय दाखवायचे. तुझ्या ताईलाच बोलाव ना. नटीला तशी चाल जमणार नाही. तिला म्हणावं, चेहरा घेत नाही, जरा चालून दाखव."

ताई, त्याला काही माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, मीच सांगितलं होतं, पण त्याला ते कळलं नव्हतं. आणि त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मलाही कळलं नव्हतं. मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आवाज भलताच निघाला. "ती चालून दाखवणार नाही!" बॅगवाले काका हातातलं काम टाकून दारात आले. साहेब म्हणाला, "अरे, पण गोष्ट..." मी म्हणालो, गोष्ट माझी नाही, सही आलेली नाही, बाहेर हो.

कॅमेऱ्यावरच्या मुलीने त्या कागदाचाही फोटो घेतला होता, तो तिने पुसून टाकला आणि मला दाखवलं की पुसलाय.

बाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ही गोष्ट रद्द. कारण विचारलं नाही त्यांनी, फक्त फळ्याकडे बोट दाखवलं. साहेब आता वाहनतळावर पावत्या फाडणाऱ्या माणसावर लघुपट करतोय. अकरा दिवस उरलेत. माझ्या एकशे चाळीस पानांच्या टिपणांचा काही उपयोग नाही, आणि मला पुन्हा नव्याने फोन लावायला बसवलंय. त्या माणसाला साहेबाने पहिला प्रश्न काय विचारला असेल, ओळख. तो म्हणाला, "दुःख? सुट्टे."

घरी येऊन खोका काढला. बूट तपकिरी आहेत, बंदाचे. उजवा पूर्ण. डाव्याच्या टाचेला कॉर्कचे पातळ थर, सात आहेत, आणि ते नुसते दोऱ्याने बांधलेले. एकही चिकटवलेला नाही. म्हणजे पोस्टाने पाठवूनही ते तुला घालता आलेच नसते. हे त्यांना माहीत होतं, तरी खोका माझ्या हातात दिला. का दिला, मी पाठवणार नाही हे ओळखून दिला की पाठवला तर तू थर घेऊन येशील म्हणून दिला, हे मी आठ दिवस विचार करतोय. मला कळत नाही. "छान म्हणाली?" असं त्यांनी कसं विचारलं होतं, तेही आता नीट आठवत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

आईला काल सांगितलं. ती बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "तिला लिही. माझ्या वतीने काही लिहू नकोस, तुझ्या वतीने लिही."

माझा राग पूर्ण गेलाय असं नाही. तू यायला हवं होतंस. ते मी अजूनही म्हणेन. पण तुला बोलवायला निघालेला कागद मीच अडवला होता, त्यामुळे किती म्हणावं ते समजत नाही.

बॅगवाल्या काकांना बूट दाखवले. ते म्हणाले, थर चिकटवायला अर्धा तास. सात लागतील की पाच, ते पाय बघून. "माप कागदावर चालणार नाही, माणूस हवा." दुकानाचं भाडं जूनपर्यंत भरलेलं आहे. किल्ली माझ्याकडे आहे. तू येशील त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसेल, कॅमेरा नसेल, मीही हवं तर बाहेर थांबेन. कोणाला चालून दाखवायचं नाही. फक्त उभं राहायचं.

संमतीपत्र फाडलं. त्याच्या जागी सोबत काही पाठवत नाही.

तुझ्या नावावर स्वतःचे पाय काढणारा,
धाकटा