अस्वलाआधीचा कोंबडा

परळ,
४ नोव्हेंबर २०२५

चि. विकास यास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आत्या टपाल कचेरीच्या खिडकीवर बसते आणि भाचा तिला मोबाइलवर अंगठे पाठवतो, हे मला पटत नाही. उत्तर कागदावर दे.

तुझ्या आईकडून कळलं की तुमच्या माझगावच्या स्टुडिओत ते विलायती अस्वलाचं जुनं कार्टून साफसफाईला आलंय, आणि सुरुवातीचा कोंबडा उडवायचं पुण्यकर्म तुझ्याकडे आहे. लेका, तो कोंबडा तुझा आजोबा आहे. गिरणी बंद पडल्यावर बाबा भूपाळी फिल्म्समध्ये शिपाई होते. तिथला शेठ परदेशी कार्टूनं टीव्हीसाठी घ्यायचा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची खूण म्हणून आपला कोंबडा बसवायचा. आरवायला माणूस मिळेना म्हणून बाबांना उभं केलं. चित्र शेठचं, कुकूच कू बाबांचं. फोटो आपल्याकडे चार आहेत, आवाज एवढाच.

आई, म्हणजे तुझी आजी, रोज सकाळी माझ्या मोबाइलवर अस्वल लावायला सांगते. कोंबडा आरवला की बंद. अस्वलाचं पुढे काय होतं, तिला आजवर माहीत नाही. हल्ली ती दिवसाला दहा शब्द बोलते, त्यातले दोन ‘कोंबडा लाव’. तुमचं नवं आलं की इंटरनेटवरचं जुनं उतरवणार म्हणे. ज्या माणसाने १९८०च्या बुद्धपौर्णिमेला तंबाखू सोडली ती मरेपर्यंत शिवली नाही (आईने प्रत्येक नव्या सुनेला हे ऐकवलंय), त्याचा गळा नातवाने कापू नये.

तुझी, आणि खात्याची,
संघमित्रा आत्या


शीव,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

अर्धा तास शोधून अंतर्देशीय पत्र मिळालं. दुकानदाराने विचारलं, लग्न जमत नाही का.

तुझी बाजू साहेबांपुढे मांडली. कोंबडा ठेवायला आधार काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आजोबा. ते म्हणाले, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

पण आत्या, एक गोष्ट तुलाही माहीत नसेल. शेठने कोंबडा चिकटवताना मूळ पाटी कापली होती. तिच्यावर अस्वल काढणाऱ्या अकरा जणांची नावं होती. त्यातल्या एका बाईंच्या मुलीने कंपनीला लिहिलंय, आईचं नाव एकदा तरी पडद्यावर दिसू द्या. ते पत्र वाचून मी पुन्हा कामाला लागलो. एकशे बारा भाग आहेत, चाळीस झाले. आरवण्याची नक्कल आजीसाठी काढून ठेवतो, पण जुन्या प्रिंटवर तो फार खरखरतो. आजोबा आरवतात की भजी तळतात, कळत नाही.

आजीच्या पाया पडतो. तू रागावली असशील, तरी माझी आत्या राहा.
विकास


परळ,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. विकास,
जय भीम आणि आशीर्वाद.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. तू एकशे बारा वेळा झाकतोयस, बघू.

दोन दिवस तुला मनात शिव्या दिल्या. आज कामावर एक बाई मुलाला पाठवायचं पाकीट घेऊन आली. पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं विसरली होती, तर मीच तिच्यावर ओरडले. मग तुझी ती अकरा नावं आठवली. ती मुलगी आईचं नाव मागतेय, मी बापाचा आवाज मागतेय. दोघी बरोबर, मधे तू. काढ बाबा. दुसऱ्याच्या नावावर चढून आरवणं बाबांनाही रुचलं नसतं.

मात्र एक कर. बाबा सांगायचे, शेठने त्यांना अकरा वेळा आरवायला लावलं, घसा बसला म्हणून घरी गुळण्या केल्या. वापरला एकच. बाकीचे दहा कुठे गेले? शेठ फुटका पेलाही फेकत नसे. त्याच्या गोदामातून तुमच्याकडे फिल्मचे डबे आले असतील, ते उघडून बघ. आईला मी अजून काही बोललेले नाही. लवकर कर, ती रोज मोबाइल पुढे करते.

तुझ्यावर अजून अर्धी रागावलेली,
आत्या


शीव,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझ्या हुकमावरून सदुसष्ट डबे उघडले. शेवटून दुसऱ्यात टेपचं रीळ होतं, वर खडूने ‘कोंबडा, १२ मार्च १९८४’. साहेबांनी नक्कल काढायला परवानगी दिली. सोबतचा पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे लाव. अकरा आरवणी आहेत, आवाज स्वच्छ, जणू आजोबा बाजूच्या खोलीत आहेत.

चौथ्या आणि पाचव्याच्या मधे ते बोलतात. मी काही कापलं नाही. पण आजीला ऐकवण्याआधी तू एकटीने ऐक, वर लिहिलेली तारीख लक्षात ठेव, आणि काय करायचं ते तूच ठरव. स्पीड पोस्टने पाठवतोय. खात्याने हरवलं तर तुझी तक्रार तुझ्याकडेच करीन.

भाच्यावरची माया अर्धी तरी परत यावी.
विकास


परळ,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. विकास,
जय भीम आणि पूर्ण आशीर्वाद.

एकटीने ऐकायचा बेत फसला. टीव्ही लावला तोवर आई काठी टेकत येऊन बसली. चार कोंबडे झाले, ती डोळे मिटून. मग बाबांचा आवाज आला, अगदी जेवायला बसताना लागायचा तसा: “थांबा हो, तंबाखू थुंकून येतो. कोंबडा गालात गोळी धरून आरवतो होय?”

मी रिमोट शोधत होते. आईने डोळे उघडले. तंबाखू सोडल्यापासून या आरवण्यापर्यंतची वर्षं बोटांवर मोजली, चार होत आली. मग उठली आणि भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, “मी सुनांना काय सांगत होते आणि तुम्ही काय करत होतात!”

तेव्हापासून तीन दिवस ऐकवतेय त्यांना. शेठने बिघडवलं का, चुना कोणाचा घेत होता, खिशाला वास कसा येत नव्हता. शेजारची कौसल्या विचारून गेली की घरी कोण आलंय. दहा शब्दांचा हिशोब केव्हाच मोडला. काल जेवताना मला म्हणाली, सत्तावीस वर्षं झाली गं, त्यांच्याशी भांडायला काही मिळतच नव्हतं.

तू खुशाल साफ कर ते अस्वल. अकरा नावं आली की मला दाखव, आईला आता अस्वलाचं पुढे काय होतं तेही बघायचंय. येत्या रविवारी जेवायला ये, लोभ ताटात वाढून ठेवते.

आत्या

ता. क. आईने लिहायला सांगितलंय, सहावा कोंबडा वेगळा काढून मोठ्या आवाजात पाठव. त्यातही गाल रिकामा वाटत नाही.