प्रोसेसरचा कौल

५ ऑगस्ट २००७, बोईसर
डॉक्टर आज स्पष्ट बोलले. इंद्रजीतला स्नायूंचा आजार आहे, पाय गेले, आता हात जाणार. "किती दिवस?" विचारलं तर त्यांनी फाइल मिटली.

येताना गाडीत इंद्रजीत म्हणाला, "बाबा, तो नवा गेम आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर उघडतसुद्धा नाही." बस्स! सतरा वर्षांचा मुलगा, आजाराबद्दल एक शब्द नाही. गेममध्ये तो पळतो — म्हणजे त्यातला माणूस पळतो. बोटं आहेत तोवर पळू दे. देवा, एवढंच.

८ ऑगस्ट
कंपनीतून सुटून नव्या कॉम्प्युटरसाठी विनोदच्या दुकानात. पालघरजवळच्या माहीमचा माणूस, नीट सांगतो. "काका, प्रोसेसर सिंगल कोअर घ्या नायतर ड्युअल. या सिंगलचा वेग जास्त हाय, गेमला तोच लागतो. ड्युअल म्हंजे एका डोक्याच्या जागी दोन. पन बरेच गेम दुसऱ्याला कामच देत नाय."
"मग कुठला घेऊ?"
"ते खेलनाऱ्यावर हाय. त्याला इचारा ना!"
कसं विचारू? अचानक द्यायचाय. आणि चुकलो तर पुन्हा निवडायला वेळ कुठाय!

९ ऑगस्ट
एक? दोन? जपातही मन लागत नाही.

११ ऑगस्ट
गावी, लांज्याला, दादाला फोन केला. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो — देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलांच्या कळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दादा हसला. "अरे, गुरवाला सांगू काय? देवीला कॉम्प्युटरातलं काय इचारू?" मग माझा आवाज ऐकून म्हणाला, "बरं. उद्या लावतो."

१२ ऑगस्ट
"दोन कोअरचा घेऊ का?" असं दादाने देवीला विचारलं. डावी कळी पडली. म्हणजे सिंगल! डोक्यावरचं ओझं उतरलं.

१८ ऑगस्ट
विनोदने घरी येऊन सिंगलवाला कॉम्प्युटर जोडून दिला. इंद्रजीतचा चेहरा! माणूस पळायला लागला. मग त्याने हेडफोन लावले. त्याचे दोस्त, घिवलीचा कैलास आणि पालघरची रुचिता, आपापल्या घरून बोलतात, तिघं मिळून खेळतात. बोलणं सुरू झालं की एकाच डोक्यावर दोन कामं, पळणारा अडखळतो. मग उभाच राहतो. पाय नसल्यासारखा.

"चालेल, बाबा." हेडफोन काढून ठेवले त्याने.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवीला विचारलंत. खेळायचंय त्याला विचारलंत का?"

देवीचा दोष नाही. गप्पांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. मलाच कुठे ठाऊक होतं!

१९ ऑगस्ट
विनोद — "तरी मी बोललो हुतो, त्याला इचारा!" ड्युअल याच बोर्डावर बसतो, पण मागवावा लागेल.

२६ ऑगस्ट
अजून आला नाही. जेवताना इंद्रजीतच्या हातून चमचा पडला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. त्यानेही.

२ सप्टेंबर
आला! विनोदने बसवला. गप्पा आणि खेळ एकदम, कुठे अडत नाही. स्पीकरवर कैलास ओरडतोय, "इंद्या, पल ना रं!"

इंद्रजीतची बोटं बटणांवर. माणूस जागचा हलेना. मी विनोदकडे पाहिलं.
"मशीन बरोबर हाय, काका," तो हळूच म्हणाला.

३ सप्टेंबर
"बाबा, इकडे बसा. बटणं तुम्ही दाबा, मी सांगतो... डावीकडे. आता पळा!"