बिही, लावा आणि गोधडी

कोकंद, ११ सप्टेंबर १९९८

प्रिय तोहिरजान यास,
थोरल्या बहिणीचे, तुझ्या ओपाचे, पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. जर्दाळू वाळवून झाले. बिहीचं झाड यंदा पिवळ्या फळांनी इतकं लगडलंय की फांद्यांना टेकू द्यावे लागले. बसून वाचावी अशी बातमी एकच. शाळेत रशियनचे तास निम्म्यावर आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, चहा पाजला, माझ्या शिकवण्याची तोंड भरून स्तुती केली, आणि मग म्हणाले की मुकद्दस-ओपा, इंग्रजीची जागा रिकामी आहे. वसंतात फरगान्याला परीक्षा होईल. पास झालात तर जागा तुमची, नाहीतर सगळ्यांचाच नाइलाज.

अर्धं आयुष्य मी पोरांना रशियन कविता पाठ करायला लावल्या, उच्चार चुकला की उभं केलं. आता माझ्यावरच उभं राहायची वेळ आली. तू ठेवून गेलास तो इंग्रजी शब्दकोश फडताळातून काढला. पहिलं अक्षर उघडलं तर पानांमागून पानं, संपायचं नावच नाही! दोन दिवसांत जीव मेटाकुटीला आला. मग मी युक्ती केली. ज्या अक्षराला पानं सगळ्यात कमी, ते आधी घ्यायचं. एक्स तर चहाला आधण येईपर्यंत संपलं. झेडही उरकलं. ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर हे म्हणाले की अगं, झेब्रा आणि एक्स-रे एवढ्यावर तू शाळेत शिकवणार की प्राणिसंग्रहालयातल्या दवाखान्यात?

आता क्यूला हात घातलाय. ते शेपटीचं गोल अक्षर. आपल्या नव्या लॅटिन लिपीत ते माझ्याच नावाच्या मधोमध बसलंय, म्हणून ओळखीचं वाटलं. पण इंग्रजांच्या तोंडी ते कसं चालतं ते समजत नाही. उच्चार लिहून पाठव, शब्दागणिक एकेक वाक्य दे. आणि जेवत जा वेळेवर. तुझ्या लग्नाचं या खेपेला काही विचारत नाही, हे लक्षात घे.

तुझ्यावर माया करणारी,
मुकद्दस

ताश्कंद, ४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय ओपा यांस,
धाकट्या तोहिरचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. अख्खं अक्षर संपवणारी बाई आमच्या भूकंप संस्थेत आजवर झालेली नाही, हे मी खात्रीने लिहून देतो. बाकी लोक 'मी, तू, भाकरी, पाणी' यांपासून सुरुवात करतात. तुम्ही शेपटीकडून बैल धरलात. धरलाच आहे तर सोडू नका.

आता उच्चार. तुमच्या नावातला क घशातून येतो, तो इथे विसरा. क म्हणता म्हणता ओठांचा चंबू करा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. क्विक म्हणजे झटपट. तुमचा हात कणीक मळताना क्विक चालतो. क्वायट म्हणजे शांत. माझी खोली क्वायट असते. क्वारल म्हणजे भांडण. ते तुम्हा नवराबायकोला वाक्यात घालून दाखवायची गरज नाही. क्वेक म्हणजे जमिनीचा हादरा, आमच्या संस्थेचं पोट त्यावरच. क्वेश्चन म्हणजे प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत त्याबद्दल आभारी आहे.

हल्ली काम फार, त्यामुळे वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत यायला जमेलसं दिसत नाही. मेहुण्यांना, आमच्या पोच्चांना, आणि त्यांच्या लाडक्या लावा पक्ष्याला सलाम.

लोभ कमी होऊ देऊ नये,
तोहिर

कोकंद, १३ डिसेंबर १९९८

प्रिय तोहिरजान यास,
ओपाचे आशीर्वाद, आणि एक धपाटाही. तो का ते शेवटी कळेल.

आधी गंमत. क्यूची पानं वाचत बसले होते. एका शब्दापुढे अर्थ होता बिही. क्विन्स! मान वर केली तर समोर कोनाड्यात बिह्यांची रांग. पुढे गेले तर क्वेल, म्हणजे लावा, आणि तो ह्यांचा मेला वाळक्या पोकळ भोपळ्याच्या पिंजऱ्यातून माझ्याकडेच बघत होता. मग आला क्विल्ट, म्हणजे गोधडी, आणि पाय माझे गोधडीतच! तोहिर, मी एकटीच हसत सुटले. हे धावत आले. त्यांना वाटलं, अभ्यासाने डोकं फिरलं. मला वाटत होतं की इंग्रजी म्हणजे कुठल्या तरी धुक्यातल्या बेटावरची भाषा. ती तर आमच्या अंगणात राहायला आलेली निघाली.

पाचवीच्या वर्गाला शिक्षक नाही म्हणून मुख्याध्यापकांनी मला तिथे सोडलं. मी हेच तीन शब्द शिकवले. दुसऱ्या दिवशी मुलांनी एवढ्या बिह्या आणल्या की वर्ग घमघमला. एकीने तर आजीच्या अंगावरची गोधडी ओढून आणली. आजी मागोमाग शाळेत! तिलाही मी क्विल्ट म्हणायला लावलं, तेव्हा कुठे तिचा राग गेला. आजीबाई ओठांचा चंबू करून अशा म्हणाल्या की मुलं लोळली.

आता धपाटा. गेल्या महिन्यात हे जर्दाळू घेऊन ताश्कंदला गेले होते. चोर्सू बाजारात त्यांनी तुला पाहिलं. हातगाडीमागे उभा राहून विजेचे दिवे आणि सेल विकताना. तू ओशाळशील म्हणून ते पुढे झाले नाहीत. समोरच्या चहाखान्यात बसून राहिले आणि परत आले. मलासुद्धा इतके दिवस सांगितलं नाही. काल जेवताना म्हणाले की तुझ्या भावाच्या अंगावरचा कोट पातळ आहे. मग बाकीचं मीच काढून घेतलं.

मी रागावलेले नाही. गाडी लावण्यात लाज कसली, आपले आजोबा बाजारातच उभे राहिले. पण ओपाला 'संस्थेत काम फार' म्हणून लिहायचं? जाड कोट पाठवतेय, ह्यांचा आहे, बाह्या थोड्या लांब होतील. सगळं खरं खरं लिही.

तुझी
मुकद्दस

ताश्कंद, ९ जानेवारी १९९९

आदरणीय ओपा यांस,
सलाम आणि माफी, दोन्ही वि. वि.

कोट ऊबदार आहे. बाह्या दुमडल्या.

खरं ते असं. उन्हाळ्याच्या आधीच संस्थेत पगार थांबला. आमच्या विभागाला घरी बसायला सांगितलं, बोलावू म्हणाले, अजून बोलावलं नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी गाडीवरच होतो. तुम्ही या वयात नवी भाषा शिकायला बसलेल्या, आणि मी काय लिहू की ती भाषा येणारा तुमचा भाऊ दिवे विकतोय? तुमचा हुरूप जाईल असं वाटलं. थोडा माझाही मान आडवा आला.

पण माझी कीव करू नका. दिवस वाईट जात नाहीत. चिनी मालाच्या खोक्यांवर सूचना इंग्रजीत असतात, त्या वाचून दाखवायला अख्खी रांग माझ्याकडे येते. लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. कोकंदला या असं मात्र म्हणू नका. मेहुण्याच्या घरी हात हलवत येऊन बसणं मला जमायचं नाही.

परीक्षेचं ऐका. बहुतेक घराबद्दल बोलायला सांगतील. फाटकातून आत शिरा आणि दिसेल ते सांगत चला. शब्द अडला तर थांबू नका, बाजूच्या वस्तूकडे वळा. बाकीची अक्षरंही जरा बघा, नाहीतर भाकरीला काय म्हणतात तिथे पंचाईत व्हायची.

आपला आज्ञाधारक (यापुढे खरोखरच),
तोहिर

कोकंद, २३ मे १९९९

प्रिय तोहिरजान यास,
ओपाचे आनंदाचे आशीर्वाद.

झाली एकदाची परीक्षा! समोर तिघं, मधल्या बाई चष्म्याच्या. त्यांनी घराबद्दलच विचारलं. मी फाटकातून आत शिरले आणि तिथेच अडकले, कारण फाटकाला काय म्हणतात तेच आठवेना. मग तुझं ऐकलं, बाजूला वळले. अंगणात क्विन्स आहे म्हटलं. त्याखाली पिंजऱ्यात क्वेल आहे. माझा नवरा सकाळी माझ्याआधी त्याच्याशी बोलतो, म्हणून आमचं क्वारल होतं. मग मी क्विल्टमध्ये तोंड खुपसते आणि घर क्वायट होतं. चष्म्याच्या बाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. त्यांनी विचारलं की सगळे शब्द याच अक्षराचे कसे काय? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं सांगितलं, की हे अक्षर लहान होतं आणि मला काहीतरी पुरं करायचं होतं.

त्यावर त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आपल्या भाषेत म्हणाल्या की मी पण पूर्वी रशियनच शिकवत होते.

मला पाचवी ते सातवी दिली आहे. वरच्या वर्गांना माझं इंग्रजी पुरणार नाही, हे त्यांनी सांगितलं आणि ते बरोबरच आहे. ती जागा रिकामी राहिली. परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले की ताश्कंदच्या संस्थेतला माणूस इथे कशाला येईल? मी म्हटलं, विचारून बघते. म्हणून विचारते. ही मेहुण्याची भाकरी नाही, शाळेची नोकरी आहे. ह्यांनीही सोबत चिठ्ठी ठेवलीय, मला वाचू दिली नाही.

वाट बघणारी,
मुकद्दस

(सोबत)

तोहिर यास,
सोबिरचा सलाम. मला पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून थोडक्यात.

त्या दिवशी चोर्सूला मी बराच वेळ तुला बघत होतो. एक म्हातारी सेल उलटे घालत होती. तू तिला पुन्हा पुन्हा दाखवलंस, मागे गिऱ्हाईक ओरडत होतं तरी घाई केली नाहीस. ती स्वतःच्या हाताने नीट घालेपर्यंत थांबलास. तेव्हाच मला वाटलं, हा दुकानदार नव्हे, मास्तर आहे. दुकानदार म्हणून तसा तू कच्चाच. दोन गिऱ्हाइकं गेली तुझी.

आणि दुसरं असं की तुझी बहीण आता माझ्याशी इंग्रजीत भांडते. मी हरतो की जिंकतो तेही मला समजत नाही. घरात दुभाषा पाहिजे. ये.
सोबिर

ताश्कंद, १७ जून १९९९

आदरणीय ओपा आणि पोच्चा यांस,
तोहिरचा सलाम वि. वि.

पोच्चांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. गिऱ्हाइकं दोन नव्हे, तीन गेली होती.

गाडी शेजारच्या मुलीला देऊन टाकतोय. ती आतापर्यंत माझ्याकडून सूचना वाचायला शिकलीय, तिचं चालेल. ऑगस्टच्या शेवटी घाट ओलांडून येतो. खोली भाड्याने बघा, राहीन तिथे, पण जेवायला तुमच्याकडे. याच्यावर क्वारल नको.

नोकरीसाठी येतोय असं मुख्याध्यापकांना सांगा. तुम्हाला खरं कारण सांगतो. गाडीमागे उभा राहून मी दिवसभर मनातल्या मनात इंग्रजी बोलायचो, विसरू नये म्हणून. मीच विचारायचं, मीच उत्तर द्यायचं. परवा माझ्या लक्षात आलं की या जगात मला त्या भाषेत उत्तर देणारं आपलं माणूस एकच आहे, आणि ते पाचवीच्या वर्गात शिकवतं.

फक्त एक सांगून ठेवा. शाळेत मी तुम्हाला काय म्हणायचं? मुलांदेखत ओपा म्हटलं तर चालेल ना?

आपला,
तोहिर